नित्यनेमाचा खेळाडू : लू गेरिग

क्रिकेट आपल्या घराघरात आहे. आजोबांच्या रेडिओपासून नातवाच्या मोबाइलपर्यंत त्याची परंपरा अखंड चालत आली आहे. बेसबॉल मात्र आपल्याला इंग्रजी सिनेमांतून आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांच्या बोलण्यातून जेवढा कळतो तेवढाच. तरीही या खेळातल्या एका माणसाची ओळख आपल्या वाचकांना व्हावी असे वाटते, कारण त्याचे आयुष्य खेळापलीकडचे काही सांगते. त्याचे नाव लू गेरिग. १९४१ साली, वयाची अडतीस वर्षेही पूर्ण होण्याआधी तो गेला. अमेरिकेत आजही एका दुर्धर आजाराला लोक त्याच्या नावाने ओळखतात, ही त्याच्या कीर्तीची दुःखद बाजू. दुसरी बाजू अशी, की जवळजवळ चौदा वर्षे तो आपल्या संघाच्या एकाही सामन्याला गैरहजर राहिला नाही. आणि फलंदाजीला उभा राहिल्यावर बाद न होता बेस गाठण्यात त्याची बरोबरी करणारे खेळाडू आजवर मोजकेच झाले.

थोडे खेळाविषयी

गेरिगचे मोठेपण कळायचे तर बेसबॉलचे दोन-तीन नियम ठाऊक हवेत. मैदानात एक चौरस असतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, आणि दोन बेसमधले अंतर ९० फूट. फलंदाज त्यातल्या एका कोपऱ्यावर, म्हणजे होम प्लेटपाशी उभा राहतो. चेंडू फेकणारा पिचर त्याच्यापासून साडेसाठ फुटांवर असतो. चेंडू टप्पा न पडता सरळ येतो. फलंदाजाने तो मारून पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठत पुन्हा होम प्लेटला यायचे, की एक धाव झाली. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला की होमरन. आपला षटकारच म्हणा ना.

चेंडू फलंदाजाच्या छाती ते गुडघ्याच्या पट्ट्यात आणि प्लेटच्या रुंदीत आला पाहिजे. तसा आलेला चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून हुकवला, की तो फलंदाजाच्या खात्यावर जमा होतो. असे तीन झाले की तो बाद. उलट, पट्ट्याबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने न मारता सोडले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. क्रिकेटमध्ये वाइडची एक धाव मिळते आणि चेंडू पुन्हा टाकावा लागतो. इथे चार वाइड सोसले की माणूस चालत बेसवर जातो.

एका डावात संघाचे तीन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि सामन्यात असे नऊ डाव. म्हणजे संघाजवळ पुंजी फक्त सत्तावीस गड्यांची. जो बाद होत नाही तो ही पुंजी राखतो आणि मागच्या फलंदाजाला संधी देतो. म्हणून शंभर खेपांत किती वेळा बेस गाठला, हे फलंदाजाच्या उपयोगाचे सर्वांत खरे माप. साधारण तीन खेपांत एकदा बेस गाठणारा फलंदाज संघात टिकतो. गेरिगने साऱ्या कारकिर्दीत हजारात ४४७ या प्रमाणात बेस गाठला. सर्वकालीन यादीत तो आजही पहिल्या दहांत आहे.

हे नुसत्या ताकदीने साधत नाही. कोणता चेंडू मारायचा याइतकेच कोणता सोडायचा हे कळावे लागते. कसोटीतला सलामीवीर नव्या चेंडूवर ऑफ स्टंपबाहेरचा मोह टाळतो, तसाच संयम इथेही लागतो. फरक इतकाच, की विचार करायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. गेरिगला १,५०८ वॉक मिळाले, आणि चेंडू हुकवून तो बाद झाला फक्त ७९० वेळा. एवढ्या जोरकस फटके मारणाऱ्या माणसाचे हे आकडे आजच्या खेळाडूंनाही चकित करतात.

यॉर्कव्हिलचे घर

लूचा जन्म १९ जून १९०३ चा, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या यॉर्कव्हिल भागातला. आईवडील दोघेही जर्मनीहून आलेले. वडील हाइनरिख पत्र्याचे काम करत. पण तब्येत आणि व्यसन यांमुळे हाताला काम कमीच असे. घर चालवले ते आई क्रिस्टिनाने. लोकांकडे स्वयंपाक, धुणी, साफसफाई, जे मिळेल ते तिने केले. तिला चार मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली आणि एकटा लू उरला. त्या आईचा सारा जीव या एका मुलात अडकला, यात नवल नाही.

घरात जर्मन बोलली जाई, बाहेर इंग्रजी. मुलाने शिकावे, इंजिनिअर व्हावे, आपल्यासारखे कष्ट त्याच्या वाट्याला येऊ नयेत, ही आईची इच्छा. चेंडूफळीचा खेळ हा तिच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय. दूर देशी जाऊन संसार उभा करणाऱ्या कुठल्याही कुटुंबात हे संवाद झालेलेच असतात. लू अंगाने दणकट, स्वभावाने भिडस्त.

१९२० च्या जून महिन्यात त्याच्या शाळेचा संघ शिकागोला एका सामन्यासाठी गेला. लूला सतरावे पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. शेवटच्या डावात तिन्ही बेसवर आपले गडी उभे असताना त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला. ते मैदान व्यावसायिक संघाचे होते. मोठमोठ्या खेळाडूंनाही तिथून चेंडू बाहेर घालवणे जड जाई. वर्तमानपत्रांनी एका शाळकरी मुलाचे नाव प्रथमच छापले.

पुढे आई कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात स्वयंपाकीण झाली. लू तिथे वाढप करायला जाई. त्याच विद्यापीठात तो शिकायला लागला, तो फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. पण शिक्षण सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याने एका छोट्या व्यावसायिक संघाकडून खोट्या नावाने काही सामने खेळले होते. हे उघडकीस आले आणि विद्यापीठाच्या संघातून त्याला वर्षभर बाहेर बसावे लागले. त्या उन्हाळ्यातल्या पैशांची घराला गरज होती, हेही तितकेच खरे.

१८ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्क यांकीज संघाच्या नव्या भव्य स्टेडियमचे उद्घाटन झाले. बेब रूथने तिथला पहिला होमरन मारला आणि साऱ्या शहरात जल्लोष झाला. त्याच दिवशी, त्याच शहरात, थोड्याशा प्रेक्षकांपुढे कोलंबियाच्या लू गेरिगने पिचर म्हणून विरुद्ध संघाचे सतरा फलंदाज चेंडू हुकवायला लावून बाद केले. तरीही त्याचा संघ हरला. आपला पराक्रम आणि दुसऱ्याचा बोलबाला एकाच दिवशी येण्याची ही पहिली वेळ. पुढे हे वारंवार घडणार होते.

यांकीजचे पारखी पॉल क्रिचेल यांनी त्याची फलंदाजी पाहिली आणि करार पुढे केला. आईवडिलांची आजारपणे आणि घरातली ओढाताण पाहून लूने सही केली. इंजिनिअर होण्याचे आईचे स्वप्न तिथेच थांबले.

मिळालेली संधी

दोन वर्षे तो बहुतेक काळ धाकट्या संघांतून खेळला. १ जून १९२५ ला यांकीजने त्याला दुसऱ्या एका खेळाडूच्या जागी एका खेपेपुरते फलंदाजीला पाठवले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू वॉली पिप याला बसवून गेरिगला उभे केले. पिपचे डोके दुखत होते आणि त्याने एक दिवस सुट्टी घेतली, ती त्याला कायमची भोवली, अशी कथा अमेरिकेत सांगतात. संघ त्या वर्षी वाईट खेळत होता आणि हगिन्सना बदल हवाच होता, हे अधिक संभवते. काही असो, पिपची जागा गेली ती गेलीच. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत यांकीजचा एकही सामना गेरिगशिवाय झाला नाही. ही संख्या २,१३० भरली.

बेसबॉलचा मोसम किती दाट असतो हे लक्षात घ्यायला हवे. त्या काळी वर्षाला १५४ सामने, एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. कधी एका दिवसात दोन. प्रवास आगगाडीने. उन्हाळ्यात सेंट लुईसची काहिली, वसंतात बोस्टनची थंडी. अशी चौदा वर्षे.

रूथची सावली

१९२७ चा यांकीज संघ बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत बलाढ्य मानला जातो. त्यांनी ११० सामने जिंकले. त्या वर्षी बेब रूथने ६० होमरन मारले. त्याच वर्षी गेरिगने ४७ होमरन मारले, त्याची फलंदाजीची सरासरी .३७३ होती, आणि लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू हा मान त्यालाच मिळाला. तरी आजही १९२७ म्हटले की लोकांना रूथचे साठच आठवतात.

रूथ आणि गेरिग म्हणजे दोन टोके. रूथ बोलका, खर्चिक, खाण्यापिण्याचा शौकीन, जिथे जाईल तिथे गर्दी जमवणारा. गेरिग सामना संपला की घरी आईच्या हातचे जेवायला जाणारा. तिशी येईपर्यंत तो आईवडिलांबरोबरच राहिला. पैसा आल्यावर त्याने त्यांच्यासाठी न्यू रोशेल गावात घर घेतले. फलंदाजीच्या क्रमात रूथ तिसरा, गेरिग चौथा. १९२९ मध्ये यांकीजने पाठीवर क्रमांक लावले तेव्हा याच क्रमाने रूथला ३ आणि गेरिगला ४ मिळाला. १९३० साली रूथचा पगार ८०,००० डॉलर होता, गेरिगचा २५,०००. याबद्दल त्याने कधी आरडाओरड केली नाही.

त्याच्या वाट्याला आलेले योगायोग पाहिले की नशीब जणू त्याची परीक्षा घेत होते असे वाटते. १९३१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला त्याने चेंडू प्रेक्षकांत मारला. चेंडू तिथून उसळून परत मैदानात आला आणि क्षेत्ररक्षकाने धरला. पुढे धावत असलेला सहकारी लिन लॅरी याला वाटले, झेल झाला. तो बेस सोडून तंबूकडे निघून गेला. गेरिग मान खाली घालून धावत होता, तो लॅरीच्या पुढे निघून गेला आणि नियमानुसार बाद ठरला. होमरन रद्द झाला. मोसम संपला तेव्हा रूथ आणि गेरिग दोघांचेही होमरन ४६. त्या एका चुकीपायी होमरनचा मुकुट त्याला वाटून घ्यावा लागला.

३ जून १९३२ रोजी फिलाडेल्फियात त्याने एका सामन्यात चार होमरन मारले. विसाव्या शतकात असे प्रथमच घडत होते. पण नेमक्या त्याच दिवशी जॉन मॅग्रॉ या दिग्गजाने न्यूयॉर्क जायंट्सचे तीस वर्षांचे व्यवस्थापकपद सोडले. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या मथळ्यांवर मॅग्रॉच होते. त्याच वर्षीच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत गेरिगने .५२९ च्या सरासरीने फलंदाजी केली. जगाला आठवतो तो मात्र रूथने शिकागोच्या प्रेक्षकांकडे बोट करून मारलेला होमरन. त्याच्या पाठोपाठ लगेच गेरिगनेही होमरन मारला होता, आणि मैदान तेच होते जिथे सतरा वर्षांच्या शाळकरी लूने चेंडू बाहेर धाडला होता.

१९३४ साली सरासरी, होमरन आणि फलंदाजीतून आणलेल्या धावा या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला. तरी सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या मतदानात त्याला पाचवे स्थान मिळाले. बेस गाठण्याचे प्रमाण तेव्हा कुठल्याच वर्तमानपत्रात छापले जात नसे. ते मोजले असते तर १९२८ मध्ये आणि पुढे १९३४ ते १९३७ अशी सलग चार वर्षे, एकूण पाच वेळा, लीगमध्ये गेरिग पहिला होता हे लोकांना दिसले असते. १९३५, १९३६ आणि १९३७ या तिन्ही वर्षांत सर्वाधिक वॉकही त्याचेच. पिचर त्याला भिऊन पट्ट्याबाहेर चेंडू टाकत आणि तो शांतपणे ते सोडून देई.

मोडलेली बोटे आणि एक प्रश्न

या अखंड हजेरीची किंमत त्याच्या शरीराने मोजली. पुढे त्याच्या हातांचे एक्स-रे काढले तेव्हा जुन्या, आपोआप सांधलेल्या सतरा मोडी दिसल्या. बोट मोडले की तो पट्टी बांधून उतरे. १९३४ च्या जूनअखेर एका प्रदर्शनीय सामन्यात चेंडू डोक्याला लागून तो बेशुद्ध पडला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोक्याला बसेल अशी मोठी टोपी घालून तो खेळला. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटला कंबरेत उसण भरली. उभे राहवेना. तेव्हा व्यवस्थापकांनी त्याचे नाव मुद्दाम फलंदाजीत सर्वांत आधी लिहिले. त्याने एक फटका मारून पहिला बेस गाठला आणि लगेच दुसऱ्याला जागा देऊन तो बाहेर आला. हजेरी लागली.

असे करणे योग्य होते का? तेव्हाही लोकांनी हा प्रश्न विचारला. खुद्द रूथने जाहीरपणे म्हटले होते, की हा हट्ट गेरिगने सोडावा आणि विश्रांती घ्यावी. त्या डेट्रॉइटच्या सामन्यात विक्रमासाठी विक्रम केला गेला हे नाकारता येत नाही. पण २,१३० सामन्यांतून असे दिवस थोडेच निघतात. बाकीच्या दिवसांत तो पूर्ण ताकदीने खेळला आणि त्याच्या खेळावर संघ जिंकत राहिला. कष्टकरी आईच्या घरात वाढलेल्या मुलाला कामावर न जाणे ठाऊकच नव्हते, असेच म्हणावे लागते.

घरातला पेच

आईचे प्रेम त्याला जितके बळ देत होते तितकेच बांधूनही ठेवत होते. त्याच्या आयुष्यात येऊ पाहणारी कुठलीही मुलगी क्रिस्टिनाला पसंत पडत नसे. शिकागोच्या एलेनॉर ट्विचेलशी त्याचे जमले तेव्हा घरात वादळ झाले. शेवटी २९ सप्टेंबर १९३३ रोजी न्यू रोशेलमधल्या आपल्या नव्या बिऱ्हाडात त्यांनी लग्न उरकले. घराचे काम अजून चालू होते; गावच्या महापौरांनी कामगारांच्या साक्षीने विधी केला. मग पोलिसांच्या मोटरसायकली पुढे घालून नवरा मुलगा थेट स्टेडियमवर गेला. त्या दिवशीही सामना होता.

एलेनॉरने त्याला ऑपेरा, नाटके आणि पुस्तके यांची गोडी लावली. सासू-सुनेचे सूर मात्र फारसे जुळले नाहीत. रूथशी असलेली मैत्रीही याच सुमारास तुटली. गेरिगच्या आईने रूथच्या मुलीच्या कपड्यांवरून काही शब्द बोलले, ते रूथच्या घरी पोचले, आणि वर्षानुवर्षे एकामागून एक फलंदाजीला येणारे दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. कारण किती क्षुल्लक, आणि अबोला किती वर्षांचा! आपल्याही घरांतून अशा गोष्टी घडत आल्या आहेत.

१९३५ मध्ये रूथ यांकीज सोडून गेला आणि गेरिग संघाचा कर्णधार झाला. आता तरी तो एकटा झळकेल असे वाटत असतानाच १९३६ मध्ये जो डिमॅजिओ हा तरुण आला आणि लोकांचे डोळे तिकडे वळले. त्या वर्षी गेरिगने ४९ होमरन मारले आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान दुसऱ्यांदा मिळवला.

२ मे १९३९

१९३८ मध्ये त्याची सरासरी १९२५ नंतर प्रथमच .३०० च्या खाली, .२९५ वर आली. इतरांसाठी ती चांगलीच होती, पण फटक्यांतली ताकद गेल्याचे जाणत्यांना दिसत होते. पस्तिशीचा परिणाम असेल असे सगळ्यांनी धरले. १९३९ च्या वसंतात सरावाच्या वेळी तो धावताना अडखळू लागला. कपडे बदलताना तोल जाई. सोपे चेंडू हातून सुटत. मोसमातल्या पहिल्या आठ सामन्यांत २८ प्रयत्नांत त्याला केवळ चार फटके साधले.

३० एप्रिलच्या सामन्यात त्याने पहिल्या बेसवर एक अगदी साधा झेल घेऊन गडी बाद केला. सहकाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. इतक्या मामुली कामाचे कौतुक होऊ लागले, तिथे त्याने ओळखले. दोन दिवसांनी, २ मे रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने व्यवस्थापक जो मॅकार्थी यांना भेटून आपल्याला वगळावे असे स्वतःच सांगितले. मॅकार्थींनी त्याला कधीही बसवले नसते. तो निर्णय त्यांनी गेरिगवरच सोडला होता. कर्णधार या नात्याने खेळाडूंची यादी पंचांना द्यायला तोच गेला. त्या यादीत चौदा वर्षांत प्रथमच त्याचे नाव नव्हते. ध्वनिक्षेपकावरून हे जाहीर झाले तेव्हा परक्या गावच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. योगायोग असा, की मिशिगनमध्येच राहणारा वॉली पिप त्या दिवशी प्रेक्षकांत होता. त्याच्या जागी बेब डाल्ग्रेन खेळला आणि यांकीज २२-२ असे जिंकले.

जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. १९ जूनला, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान हाती आले : अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात. हात, पाय, मग गिळणे, बोलणे, श्वास, सारे थांबत जाते. मन बहुधा अखेरपर्यंत शाबूत राहते. त्यावर तेव्हा उपाय नव्हता, आणि बरे करणारे औषध आजही नाही.

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर दोन सामन्यांच्या मध्ये त्याचा सत्कार झाला. ६१,८०८ माणसे जमली होती. १९२७ चे जुने सहकारी आले. मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांनीही भेट आणली होती. हाताला पेलवेना म्हणून मिळालेला चषक त्याला खाली ठेवावा लागला. बोलायला तो तयारच नव्हता. बऱ्याच आग्रहानंतर दोनेक मिनिटे बोलला. त्या भाषणाचे सलग ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही, त्यातली थोडीच वाक्ये राहिली आहेत. आपल्या दैवाला दोष देण्याऐवजी त्याने आयुष्यात काय काय मिळाले ते मोजले : आईवडील, पत्नी, सासू, व्यवस्थापक, सहकारी, प्रतिस्पर्धी आणि मैदान सांभाळणारी माणसेसुद्धा. स्वतःला त्याने भाग्यवान म्हटले. बेब रूथने पुढे होऊन त्याला मिठी मारली. इतक्या वर्षांच्या अबोल्यावर त्या दिवशी पडदा पडला. यांकीजने ४ हा क्रमांक यापुढे कुणालाही न देण्याचे ठरवले. त्या खेळात असे प्रथमच होत होते.

शेवटची नोकरी

नाव विकून पैसा मिळवण्याच्या वाटा त्याला मोकळ्या होत्या. त्याने निवडली ती न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल आयुक्ताची जागा. महापौर ला ग्वार्डिया यांनी ती देऊ केली होती. पगार वर्षाला ५,७०० डॉलर. कैद्याला मुदतीआधी सोडायचे की नाही, हे या पदावरच्या माणसाने ठरवायचे. त्यासाठी शहराच्या हद्दीत राहणे आवश्यक म्हणून गेरिग दांपत्य रिव्हरडेलला राहायला गेले. जानेवारी १९४० पासून तो कामावर जाऊ लागला. तुरुंगांना भेटी देताना वार्ताहर बरोबर नसत. पुढे पुढे लिहिणे जमेना, तेव्हा एलेनॉर सोबत बसून मदत करी. शरीर अजिबात साथ देईना तेव्हाच, १९४१ च्या वसंतात, त्याने रजा घेतली.

२ जून १९४१ च्या रात्री रिव्हरडेलच्या घरी त्याचा अंत झाला. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २ जूनलाच, तो वॉली पिपच्या जागी पहिल्या बेसवर उभा राहिला होता. बातमी कळताच रूथ पत्नीसह घरी आला. अंत्यविधीला लांबलचक भाषणे झाली नाहीत.

मागे काय राहिले

यांकीजने पुढे १९७६ पर्यंत कुणाला कर्णधार नेमले नाही. सलग २,१३० सामन्यांचा विक्रम कुणी मोडणार नाही असे मानले जाई. तो कॅल रिपकेनने १९९५ मध्ये मोडला, आणि त्या दिवशी साऱ्या देशाने पुन्हा गेरिगची आठवण काढली. एलेनॉरने दुसरे लग्न केले नाही. पतीचे नाव आणि त्या आजाराच्या संशोधनाला मदत, यांत तिने उरलेली चार दशके घालवली. १९८४ मध्ये ती गेली. त्याच वर्षी बेस गाठण्याचे प्रमाण हे माप बेसबॉलच्या अधिकृत आकडेवारीत दाखल झाले.

फटके २,७२१, वॉक १,५०८, आणि अंगावर चेंडू झेलून मिळालेले बेस ४५. म्हणजे ४,२७४ वेळा लू गेरिग बाद न होता बेसवर जाऊन उभा राहिला. त्यातले होमरन सोडले तर बहुतेक वेळा पुढची धाव घरी आणण्याचे काम दुसऱ्या कुणाचे तरी होते आणि टाळ्याही बहुधा त्यालाच मिळाल्या. रोज वेळेवर येऊन आपले काम चोख करणारी, आणि आता आपल्याने होत नाही हे कळताच कुणी सांगायची वाट न पाहता जागा मोकळी करणारी माणसे आपल्या ओळखीतही असतील. गेरिगची गोष्ट पुढच्या पिढीला सांगताना त्यांचीही नावे घ्यायला हरकत नाही.